आजरेकरांच्या घरचा व्हिस्की-सोडा

राज्ये तलवारीवर उभी राहतात आणि कायद्यावर चालतात, असे मुलांना शाळेत शिकवावे लागते, कारण खरे सांगण्याइतके त्यांचे वय नसते. राज्ये चालतात ती पाहुण्यापुढे काय ठेवावे आणि ते कशातून ठेवावे, या एका प्रश्नावर. ज्या घराला याचे उत्तर ठाऊक असते, त्या घरातला माणूस वर चढतो. ज्याला ठाऊक नसते, त्याची बदली आजऱ्याला होते.

आजऱ्याबद्दल येथे कोणताही आकस नाही. तिथला तांदूळ सुवासिक, पाऊस मुबलक आणि माणसे अगत्याची. पण नृसिंहराव आजरेकरांना तिथे जायचे नव्हते. (ज्याच्या आडनावात गाव असते, त्याच्या पूर्वजांनी ते गाव कधीतरी घाईने सोडलेले असते.) नृसिंहराव कोल्हापुरात, पाणवठे व किरकोळ इमारती खात्यात अव्वल कारकून होते. गावोगावचे पाणवठे कागदावर आणणे हे या खात्याचे काम. पाणवठ्यात पाणी आहे की नाही, हे पाहणे खात्याच्या कक्षेत येत नसे आणि त्यामुळे खात्याचे काम नेहमी वेळेवर पुरे होई.

त्या वर्षी, म्हणजे विलायतेतली मोठी लढाई सुरू होऊन वर्ष उलटले तेव्हा, खात्यातली सुपरिंटेंडेंटची जागा रिकामी झाली. लायक माणसे दोन होती. एकाला जागा मिळणार आणि दुसऱ्याला आजऱ्यात नवी शाखा काढायला पाठवणार, असे ठरले होते. नृसिंहरावांना स्वतःपुरती आजऱ्याची भीती नव्हती. भात ते कुठेही खाऊ शकत. प्रश्न होता सरोजिनीचा. त्यांची ही एकुलती एक मुलगी अकरा वर्षांची होती, मुलींच्या शाळेत इंग्रजी पहिलीत होती, आणि झोपेत स्पेलिंगे म्हणत असे. आजऱ्यात मुलींची इंग्रजी शाळा नव्हती. तिथे गेले की शाळा सुटणार, आणि शाळा सुटलेल्या मुलीचे काय करायचे ते अंबूबाईंनी आधीच ठरवून ठेवले होते. स्थळ निपाणीचे होते. तंबाखूची वखार, माणसे खाऊनपिऊन सुखी, मुलगा बिजवर पण तसा दिसत नाही.

अंबूबाई या नृसिंहरावांच्या आत्या. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आल्या, आणि तेव्हापासून घराचे स्वयंपाकघर त्यांच्या हुकमतीखाली होते. त्यांच्या सोवळ्याची कीर्ती रंकाळ्यापलीकडे गेली होती. नृसिंहरावांच्या पत्नी कालिंदीबाई यांना स्वतःला नवव्या वर्षी शाळेतून काढले होते. निपाणीचे स्थळ त्यांना नको होते. ते किती नको होते, हे त्यांना घरात कोणी विचारलेले नव्हते.

आता खात्याचे मुख्य पार्किन साहेब हे नेमणूक कशी करत, हे सांगितले पाहिजे. त्यांची पद्धत अत्यंत निःपक्षपाती होती. आधी उमेदवाराच्या कामाचा अहवाल मागवत. तो न वाचता ठेवून देत. मग एका संध्याकाळी उमेदवाराच्या घरी जाऊन बसत आणि घर पाहून माणूस ठरवत. मागच्या सुपरिंटेंडेंटच्या घरी त्यांना व्हिस्की-सोडा मिळाला होता आणि त्या गृहस्थांना जागा मिळाली होती. त्याच वेळच्या दुसऱ्या उमेदवाराच्या घरी चहा मिळाला होता आणि ते गृहस्थ अजून चंदगडाकडे विहिरी मोजत होते. एवढ्या पुराव्यावर मोठमोठे शास्त्रीय सिद्धांत उभे राहिले आहेत. कचेरीने यावर एक लहानसा उभा केला तर त्यात काही वावगे नव्हते.

साहेबांनी नृसिंहरावांना पुढल्या रविवारची संध्याकाळ कळवली. तेव्हा प्रश्न उभा राहिला तो असा, की ज्या घरात कांदा चोरून चिरला जातो, त्या घरात व्हिस्की-सोडा करायचा कसा.

नृसिंहरावांनी शेजारचे वसंतराव वकील यांना बोलावले. वसंतरावांचे कोर्टात फारसे चालत नसे, म्हणून गल्लीत त्यांचे फार चालत असे. पुढच्या सोप्यात बैठक भरली. दाराआड अंबूबाई बसल्या. वसंतरावांनी विषयाचे दोन भाग केले: व्हिस्की आणि सोडा.

पैकी सोड्याचा निकाल पूर्वीच लागलेला होता. गल्लीच्या तोंडाला दस्तगीरचा सोड्याचा कारखाना होता. दस्तगीरच्या हातचे पाणी गल्लीत चालत नसे; दस्तगीरच्या हातचा सोडा चाले. यात विसंगती आहे असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. पण गल्लीतल्या जाणत्यांनी पूर्वी एकदा, कोणाच्या तरी पोटात गॅस धरल्यावर, याचा सांगोपांग विचार केला होता. पाण्याला विटाळ होतो, वाऱ्याला होत नाही. सोड्यात वारा असतो. तेव्हा सोडा हे पाणी नसून ओलसर वारा आहे. (गल्लीत घरे बावीस. सोडा पिणारी घरे बावीस. सोडा पितो असे कबूल करणारी चार.) हे पाणी दस्तगीर कुठून आणतो, असे त्याला कोणी विचारले नव्हते, कारण त्याच्या घरामागची विहीर सर्वांना दिसत होती.

राहिली व्हिस्की. वसंतरावांनी मत दिले की ते औषध आहे. औषधाची लक्षणे तीन: वास वाईट असावा, लांबून आणावे लागावे आणि घेणाऱ्याने तोंड वाकडे करावे. तिन्ही जुळत होती. यावर अंबूबाईंनी दाराआडून विचारले की रोग कोणता. रोगावाचून घेतले तर ते औषध कसले? ही हरकत कायदेशीर होती. वसंतरावांनी सांगितले की थंड मुलखातला माणूस उन्हाच्या मुलखात राहतो, हाच रोग. अंबूबाईंना ते पटले. बिचारा साहेब, म्हणाल्या, आईबापांनी कुठे पाठवला.

बाटली आणायला नृसिंहराव स्वतः छावणीतल्या पारशाच्या दुकानात गेले. उपरण्याने तोंड झाकून घेतले होते. दुकानात त्यांना उपरण्याने तोंड झाकलेले तीन ओळखीचे गृहस्थ भेटले. प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी आजारी होते. चौघांनी एकमेकांच्या आजाऱ्यांना लवकर बरे वाटो अशी इच्छा व्यक्त केली आणि वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी गेले.

आता कृती. पुण्याला एका बॅरिस्टरच्या घरी वसंतरावांनी हा पदार्थ खिडकीबाहेरून पाहिला होता. व्हिस्की खाली, सोडा वर, असे त्यांनी सांगितले. एवढ्यात काम भागले असते. पण ज्या घरात साध्या वरणाला चार जणांची मते लागतात, तिथे दोन जिन्नस नुसते एकावर एक ओतून पाहुण्याच्या हातात देणे म्हणजे पाहुण्याची बोळवण करणे होय. अंबूबाईंचे म्हणणे पडले की वर-खाली राहिले ते मिसळले नव्हे, घुसळायला हवे. तालीम घ्यायचे ठरले. औषध वाया घालवायचे नाही म्हणून व्हिस्कीच्या जागी सुंठ-गुळवेलीचा काढा घेतला. दोन काचेचे पेले बोहऱ्याकडून मुद्दाम आणले होते. पहिल्या पेल्यात काढा घातला, त्यावर सोडा ओतला आणि रवी फिरवली. फेस तुळईपर्यंत गेला की नाही याबद्दल घरात दोन मते आहेत, पण पेला फुटला याबद्दल एकच आहे. पुढल्या तालमी चमच्याने झाल्या. आठवडाभरात घरातल्या सर्वांची पोटे साफ राहू लागली आणि नृसिंहराव जेवण झाले की आपण होऊन तालमीची आठवण करून देऊ लागले.

सगळे जुळून आले आणि शनिवारी कोणीतरी पंचांग उघडले. रविवारी दिवस मावळायच्या आधीचा दीड तास राहुकाळ होता. साहेब नेमके त्यात येणार होते. राहुकाळात शुभकार्याचा आरंभ करीत नाहीत, आणि या कार्यावर तर मुलीचे सगळे पुढले आयुष्य अवलंबून होते. साहेबांना वेळ बदला म्हणून कळवण्याची कोणाची छाती नव्हती. राहूला कळवण्याची सोय नव्हती. वसंतरावांनी यातूनही वाट काढली. आरंभ आधी करून ठेवावा, म्हणजे राहुकाळात फक्त समाप्ती उरते.

त्याप्रमाणे रविवारी दुपारी दस्तगीरने ओट्यावर बसून अकरा बाटल्यांच्या तोंडाशी बसलेल्या काचेच्या गोळ्या एकामागून एक आत दाबल्या. गल्लीत इतके आवाज एकदम दिवाळीतच होत, त्यामुळे बावीसही घरांना आजरेकरांकडे काय चालले आहे ते कळले. उरलेल्या पेल्यात नृसिंहरावांनी चार बोटे व्हिस्की ओतली. उघडलेल्या सोड्यातला वारा निघून जातो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. पण गेलेला सोडा आणि लागलेला राहू यांत कोणता धोका पत्करावा, याबद्दल शहाण्या माणसाच्या मनात शंका येत नाही. काम आटोपून दस्तगीर घरी गेला.

साहेब वेळेवर आले. वसंतरावांकडून मागून आणलेल्या खुर्चीवर त्यांना बसवले. समोर चौरंगावर रांगोळी काढून त्यावर व्हिस्कीची बाटली, भरलेला पेला आणि सोड्याच्या अकरा बाटल्या मांडल्या होत्या. साहेबांनी त्याकडे बराच वेळ पाहिले. नृसिंहरावांनी पेल्यात सोडा ओतला. एकही बुडबुडा आला नाही. त्यांनी चमच्याने ढवळले, पेला दोन्ही हातांत घेतला आणि पुढे केला.

साहेबांनी हात वर केला. त्यांचे मराठी त्यांनी घोड्यावाल्यांकडून शिकलेले होते.

"लराई खतम होईपर्यंत बादशाह घेत न्हाय, आजरेकर. मी बी घेत न्हाय. नुस्तं पानी द्या."

ही गोष्ट खरी होती. विलायतेत बादशहांनी लढाई संपेपर्यंत मद्याला शिवणार नाही असे जाहीर केले होते, आणि गेले काही महिने पार्किन साहेब धन्यामागून त्याच व्रतात होते. कचेरीला हे कळले नाही, कारण साहेबांच्या बंगल्यावर जाणाऱ्या बाटल्यांत घट झाली नव्हती. (साहेबांच्या बटलरने व्रत घेतलेले नव्हते.)

नृसिंहरावांनी हे औषधच आहे म्हणून आग्रह केला. आपल्याकडे पाहुण्याच्या पहिल्या नकाराला नकार समजत नाहीत, दुसऱ्याला संकोच समजतात आणि तिसऱ्याला वाढतात. साहेबांनी चौथ्यांदाही नको म्हटले. मग नृसिंहराव पाणी आणतो म्हणून आत गेले, आणि स्वयंपाकघराच्या दारात पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण काय कबूल करून बसलो आहोत.

व्हिस्कीचा निवाडा झालेला होता. सोड्याचा झालेला होता. पाण्याचा झालेला नव्हता. साहेबाला घरच्या भांड्यातून पाणी दिले की ते भांडे गेले. काचेचा पेला होता, पण त्यात व्हिस्की होती. ती मोरीत ओतावी म्हटले, तर परसदाराने येऊन बसलेले वसंतराव म्हणाले की मोरीत ओतलेली वस्तू औषध राहत नाही, दारू ठरते, आणि दारू घरात कशी आली याचे उत्तर मग द्यावे लागेल. कोणीतरी सुचवले की उघड्या सोड्यातला वारा आता गेलाच आहे. तेच पाणी म्हणून साहेबांना द्यावे. यावर वसंतरावांचा चेहरा एकदम उतरला. वारा गेला म्हणजे उरले काय? दस्तगीरच्या विहिरीचे पाणी. आणि ते अकरा बाटल्या भरून सोप्यात, चौरंगावर, रांगोळीवर ठेवलेले होते. अंबूबाईंनी भिंतीला टेकून डोळे मिटले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या की काही झाले तरी ते साहेबाला द्यायचे नाही. आपण जे पाणी पीत नाही ते दारी आलेल्या पाहुण्याला पाजणे हे पाप आहे. म्हणजे आपले पाणी द्यायला धर्माची हरकत होती आणि दुसऱ्याचे द्यायला आतिथ्याची. मधल्या मार्गाने साहेब तहानलेला राहत होता.

बाहेर साहेब टोपीने वारा घेत होते. एकदा खोकले. आत ओंजळीने पाजावे काय, नारळ फोडून द्यावा काय, केळीच्या पानाचा द्रोण करावा काय, यावर बोलणे चालू झाले. नारळ घरात नव्हता. केळ वसंतरावांच्या परसात होती आणि राहुकाळात पान तोडावे की नाही यावर वसंतराव विचार करीत होते. नृसिंहरावांना डोळ्यांपुढे आजरा दिसत होता, आणि पावसात भिजत निपाणीला निघालेली बैलगाडी दिसत होती. गाडीत कोण बसले आहे तिकडे त्यांना बघवत नव्हते.

कालिंदीबाई इतका वेळ चुलीपाशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या.

"सरू उद्या शाळेत जाणार का नाही," त्या म्हणाल्या, "एवढंच कुणीतरी सांगा मला."

वसंतरावांना या मुद्द्यावर आधार सापडेना. कालिंदीबाईंनी फळीवरचे स्वतःचे फुलपात्र काढले, माहेरच्या नावाचे, लग्नात आलेले. घागरीतले पाणी त्यात घेतले, एका हातात तांब्या घेतला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि नवऱ्याच्या, आत्याबाईंच्या व वकिलांच्या देखत सोप्यात जाऊन ते साहेबांच्या हातात दिले. साहेब उठून उभे राहिले. फुलपात्र तोंडाला लावून त्यांनी एका दमात रिकामे केले आणि पुन्हा पुढे धरले. कालिंदीबाईंनी वरून तांब्याने ओतले. साहेबांनी तेही संपवले, मिशा पुसल्या आणि नमस्कार केला. नृसिंहराव दाराच्या चौकटीला धरून हे पाहत होते. बायकोचा इतका अभिमान आणि इतकी भीती त्यांना पूर्वी एकदम कधी वाटली नव्हती.

आठवड्याने हुकूम आला. सुपरिंटेंडेंटच्या जागी नृसिंहराव आजरेकर. मागाहून कळले ते असे: दुसऱ्या उमेदवाराच्या घरीही साहेबांनी पाणीच मागितले होते. तिथेही घरातली माणसे आत गेली होती आणि दिवे लागले तरी बाहेर आली नव्हती. साहेबांनी शेऱ्यात लिहिले की आजरेकर निर्व्यसनी आहेत, घरात औषधाचा भरपूर साठा बाळगतात, आणि त्यांच्याकडे पिण्याच्या पाण्याची व्यवस्था समाधानकारक असल्याने पाणवठ्यांचे खाते त्यांच्याकडे सोपवण्यास हरकत नाही. सरोजिनीची शाळा सुटली नाही. निपाणीच्या स्थळाला पत्रिका जुळत नसल्याचे कळवण्यात आले. औषधाची बाटली वसंतराव पुरावा म्हणून जपून ठेवण्यासाठी घेऊन गेले आणि तो पुरावा पुढे उत्तरोत्तर कमी होत गेला.

फुलपात्राचे मात्र काय करावे ते ठरेना. अंबूबाई म्हणाल्या, एकदा ओठ लागले असते तर विस्तवात घालून घेता आले असते, पण ते दोनदा लागले. ते ओट्यावरच्या कोनाड्यात जाऊन बसले. कालिंदीबाईंनी ते परत मागितले नाही, पण जाता-येता त्याकडे बघत.

साहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दस्तगीर बाटल्या न्यायला आला होता. ऊन मी म्हणत होते. त्याने ओट्याच्या पायरीवर बसून पाणी मागितले आणि नेहमीप्रमाणे ओंजळ पुढे केली. अंबूबाईंना अचानक उदारपणाची लहर आली. घरात सगळ्यांचे भले व्हायची चिन्हे असताना दस्तगीरनेच काय केले होते? त्यांनी कोनाड्यातले फुलपात्र काठीने त्याच्याकडे सरकवले आणि सांगितले की आजपासून तू याने पीत जा, हे तुझ्यासाठीच ठेवलंय.

दस्तगीरने ते उचलून उलटसुलट पाहिले. भांडे चांगले होते. इतके चांगले भांडे आपल्या वाट्याला का, असे त्याने विचारले. अंबूबाई खोटे कधी बोलत नसत. त्यांनी सांगितले.

दस्तगीरने फुलपात्र हळूच खाली ठेवले.

"साहेबाचं उष्टं व्हय? मग ऱ्हाऊ द्या की आत्याबाई. माझी ओंजळच बरी हाय. तिला कुणाचं तोंड लागल्यालं न्हाय."

आणि त्याने ओंजळ पुन्हा पुढे केली. नृसिंहराव सोप्यात उभे राहून ऐकत होते. त्यांना त्या क्षणी खरोखर लाज वाटली. ती दुपारच्या जेवणापर्यंत टिकली.

हे सगळे आता फार जुने झाले. ती लढाई संपली, ते बादशहा गेले, सोड्याच्या बाटल्यांतल्या गोळ्या पोरांनी खेळायला नेल्या. आजचा वाचक सुशिक्षित आहे. त्याच्या घरी कोणीही येते, कोणीही कुठेही बसते, आणि व्हिस्कीला औषध म्हणायची त्याला गरज पडत नाही. त्याला नृसिंहरावांचे हसू येणे साहजिकच आहे. हसून ठसका लागला असेल तर त्याने खुशाल उठावे आणि हाताला येईल त्या भांड्याने पाणी प्यावे. स्वयंपाकघरात गेलाच आहात तर ओट्याखालच्या फळीवर, अगदी मागे, कान तुटलेला एक कप असेल, तो जागेवर आहे ना तेवढे पाहून या. भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या चहाची वेळ झाली आहे.